लास्ट गाडी सहा चाळीसची : एका बसरूटचं प्रकरण

आधीच सांगतो, शहराचं, गावाचं, कंपन्यांचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. या प्रकरणातली बरीच माणसं अजून त्याच खुर्च्यांवर आहेत आणि त्यांच्याशी आमचं अजून काम पडतं. गावाच्या बंद झालेल्या बसफेऱ्या परत मिळवायला जो गट जमला त्यात मी स्वतः पहिल्या मीटिंगपासून होतो त्यामुळे तटस्थ वगैरे नाही, आणि हेही कबूल करून टाकतो की मी कामाला मोटरसायकलवर जातो. म्हणजे ही बस माझी रोजची नव्हे, हे पुढं महत्त्वाचं ठरलं म्हणून सांगितलं.

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातलं मध्यम आकाराचं शहर. महापालिकेचा स्वतःचा परिवहन उपक्रम आहे, लोक त्याला नुसतं सिटी बस म्हणतात. आमचं गाव महापालिकेच्या हद्दीबाहेर, स्टँडपासून १४ किलोमीटर, आणि मधल्या वाटेवर एमआयडीसी. पूर्वी सिटी बस एमआयडीसीच्या गेटवरूनच वळायची, गावात दिवसाला चारच गाड्या यायच्या, बाकी सगळा भार एसटीवर आणि वडापवर, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपांवर.

मग २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप सुरू झाला तो पार एप्रिल २०२२ पर्यंत चालला. त्या काळात सिटी बसच्या गाड्या आसपासच्या गावांत सोडल्या, आमच्या गावाला दोन गाड्या मिळाल्या आणि फेऱ्या झाल्या अकरा. शेवटची रात्री साडेनऊची. संप मिटला तरी फेऱ्या तशाच राहिल्या, कुणी बंद करायच्या भानगडीत पडलं नाही.

आता दीड वर्ष रोज साडेनऊला बस येते म्हटल्यावर माणसं त्या हिशोबानं संसार लावतात. दोन पोरींनी शहरात नर्सिंगला ॲडमिशन घेतली, बाजारपेठेत कापड दुकानात कामाला जाणाऱ्या सातआठ जणी झाल्या, एमआयडीसीतल्या पॅकिंग युनिटमध्ये कंत्राटावर जाणाऱ्या बायका तर विचारूच नका. एकानं हप्त्यावर घ्यायची ठरवलेली ॲक्टिव्हा रद्द केली, "बस हाय की" म्हणून.

नेमकं काय झालं

जून २०२३ मध्ये शाळा सुरू व्हायच्या आठवड्यात स्टँडवरच्या कंट्रोल केबिनच्या काचेवर एक ए-फोर कागद चिकटला. आमच्या रूटची एक गाडी काढली, उरलेल्या एका गाडीच्या पाच फेऱ्या. स्टँडवरून सुटायच्या वेळा सव्वासहा, नऊ, सव्वाबारा, अडीच आणि सहा चाळीस. बस्स. कागदावर सही होती, कारण नव्हतं.

दुकानं बंद होतात साडेआठला. पॅकिंगवाल्यांना ओव्हरटाइम लागला की आठ वाजतात. त्यानंतर एसटी मिळते पण ती हायवेनं जाते, फाट्यावर सोडते, फाट्यापासून गाव तीन किलोमीटर, दोन्ही बाजूला ऊस आणि दिव्याचा पत्ता नाही. गंमत अशी की १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं होतं, म्हणजे फाट्यापर्यंत अर्ध्या तिकिटात या आणि पुढचं अंतर अंधारात जीव मुठीत धरून चाला. सिटी बसला ती सवलत लागू नाही कारण ती राज्य सरकारची योजना एसटीपुरती, पैसे सरकार एसटीला देतं. सिटी बसला कोण देणार? या "कोण देणार" भोवतीच पुढचं सगळं फिरलं पण तेव्हा आम्हाला ते कळलेलं नव्हतं.

वडापवाला रात्री गाडी भरल्याशिवाय हलत नाही आणि चाळीस रुपये घेतो. दिवसाला तीनचारशे कमावणाऱ्या बाईला एका बाजूचे चाळीस म्हणजे काय ते सांगायला नको.

आमचा पहिला समज

मारुतीच्या देवळात मीटिंग झाली. एक रिटायर्ड मास्तर, एक माजी उपसरपंच (आम्ही अण्णा म्हणतो), बचत गटाच्या ताई, तीनचार पेन्शनर, दोन कॉलेजची पोरं आणि मी. सगळ्यांचं एकमत की डेपोवाले आळशी आहेत, त्यांना वठणीवर आणलं की गाडी सुरू. म्हणून निवेदन दिलं, विषय "पूर्वीप्रमाणे अकरा फेऱ्या सुरू करणेबाबत", खाली दोनशेवर सह्या. तीन आठवड्यांनी उत्तर आलं की योग्य ती कार्यवाही करण्यात येईल. मास्तरांनी ते पत्र वाचून घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "ह्याचा अर्थ नाही."

मग प्रत्यक्ष भेटायला गेलो. अधिकारी माणूस बरा होता, चहा मागवला, आणि कॉम्प्युटरवरनं एक शीट प्रिंट काढून समोर ठेवली. प्रत्येक रूटसमोर दोन आकडे, ईपीके आणि सीपीके. ईपीके म्हणजे एक किलोमीटर गाडी पळाली की तिकिटातून किती आले, सीपीके म्हणजे तेवढ्याला खर्च किती. आमच्या रूटची ओळ लाल. खर्चाच्या निम्मंसुद्धा येत नव्हतं.

"सर, ही तूट महापालिका भरते," तो मास्तरांना म्हणाला. "म्हणजे शहरातला घरपट्टी भरणारा माणूस भरतो. तुमचं गाव हद्दीबाहेर. तुमची घरपट्टी ग्रामपंचायतीला जाते."

मास्तर म्हणाले, "साहेब, आमची माणसं तुमच्याच शहरात राबायला येतात की."

तो हसला. "मान्य आहे. पण त्याला हेड नाही."

हे वाक्य मी त्या दिवशी नीट ऐकलं नाही. रागात होतो. घरी येताना अण्णा म्हणाले, "हेड नाही म्हणजे डोकं नाही व्हय त्याला?" आणि आम्ही हसलो. हेड म्हणजे लेखाशीर्ष, अंदाजपत्रकातली एक ओळ, जिच्यातून पैसे खर्ची टाकता येतात. ती ओळ नसली तर अधिकाऱ्याची कितीही इच्छा असो, एक लिटर डिझेल सुद्धा त्या नावानं टाकता येत नाही.

नंतर वाचायला लागलो तेव्हा कळलं की तुटीचं हे दुखणं सगळीकडचं आहे. तिकिटावर पोट भरणारी सिटी बस जवळपास कुठंच नाही, प्रश्न असतो तो तूट कुणी आणि कुठल्या हिशोबानं भरायची याचा. पुण्यात पीएमपीची तूट पुणे आणि पिंपरी चिंचवड महापालिका ६०-४० अशी वाटून घेतात. मुंबईत बेस्टच्या मागं मुंबई महापालिका उभी राहते. २००६ च्या राष्ट्रीय नागरी परिवहन धोरणात स्वच्छ लिहिलंय की रस्त्यावर वाहनांना नाही, माणसांना जागा द्यायची. पैशाची वाट मात्र दुसरीकडेच जाते. एप्रिल २०२२ पासून मुंबई-पुणे-नागपुरात घर घेताना मुद्रांक शुल्काच्या जोडीला किमतीच्या एक टक्का मेट्रो अधिभार लागतो, लोक मुकाट्यानं भरतात. बससाठी असा एक पैसा कुठं वेगळा काढून ठेवलेला मी तरी आमच्या बाजूला पाहिला नाही.

कुठले पर्याय होते

रास्ता रोको. तरुण पोरांचा जोर यावर होता. माझाही सुरुवातीला होता. पण ताईंनी विचारलं की केसेस कुणावर पडणार आणि पुढं पासपोर्टला, पोलीस भरतीला अडचण कुणाच्या पोराला येणार, तेव्हा देवळात शांतता पसरली. शिवाय त्या वेळी महापालिकेवर प्रशासक होता. मुदत संपलेली, निवडणुका लांबलेल्या, नगरसेवक नाहीत, परिवहन समिती नाही. रस्ता अडवून दाखवायचा कुणाला? ज्याला मतं मागायची आहेत असा माणूसच तिथं बसलेला नव्हता.

एसटीकडं जाणं. गेलो. त्यांनी सांगितलं गाड्याच नाहीत, असल्या तर लांब पल्ल्याला लागतात. एका भेटीत विषय संपला.

ग्रामपंचायतीनं तूट भरायची. हा पर्याय खरं तर सगळ्यात प्रामाणिक वाटत होता, कारण अधिकाऱ्याचा मुद्दा खोटा नव्हता. सरपंच तयार होते. पण १५ व्या वित्त आयोगाचा निधी बंधित आणि अबंधित असा यायचा, बंधित म्हणजे ठरलेल्या कामालाच, पाणी-स्वच्छतेला, आणि अबंधितातून दुसऱ्या संस्थेच्या बसची तूट भरायची म्हटल्यावर ग्रामसेवकानं हात जोडले, ऑडिटला मी काय सांगू म्हणाला. त्याचंही बरोबर.

एमआयडीसीतल्या कंपन्या. दोन ठिकाणी भेटलो. एकीकडच्या एचआरवाल्यानं सीएसआरचं, म्हणजे कंपनीनं समाजासाठी करायच्या खर्चाचं नाव काढलं पण स्वतःच्याच कामगारांच्या सोयीला केलेला खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही, ते त्यालाच नंतर त्याच्या वरच्यानं सांगितलं. मग मासिक पास घाऊक घ्या म्हटलं तर कंत्राटी बायका "आमच्या रोलवर नाहीत". कायम कामगारांना कंपनीची बस होतीच. म्हणजे ज्यांना बस हवी त्या कंपनीच्या नाहीत, ग्रामपंचायतीच्या बजेटात बसत नाहीत आणि महापालिकेच्या हद्दीत राहत नाहीत.

उरला पाचवा रस्ता, आकडे गोळा करणं आणि अंदाजपत्रकाच्या वेळेत घुसणं. कंटाळवाणा होता. पोरं दोन मीटिंगनंतर यायची बंद झाली, त्यातली एक पोरगी मात्र टिकली आणि पुढचं निम्मं काम तिनंच केलं.

काय केलं : वही आणि माहितीचा अर्ज

त्या पोरीनं शाळेची दोनशे पानी वही घेतली आणि सप्टेंबरात एक आठवडा एमआयडीसी गेटच्या स्टॉपवर आम्ही पाळीपाळीनं बसलो, संध्याकाळी साडेपाच ते साडेनऊ. रकाने तिनंच आखले होते : वेळ, बाई की पुरुष, कशानं गेले, किती थांबले. मी मंगळवारी बसलो होतो. आठ दहाला पॅकिंग युनिटमधून एकदम घोळका बाहेर आला, सतरा बायका, हातात डबे, दोघींच्या डोक्याला अजून ते प्लास्टिकचं टोपडं तसंच. वडापची एक जीप उभी होती, तीत चौदा कोंबल्या. उरलेल्या तिघी तिथंच कट्ट्यावर बसल्या. पुढची जीप पावणेनऊला आली. त्यातल्या एका मावशीनं मला विचारलं, "काय लिवताय भाऊ?" म्हटलं बससाठी मोजतोय. म्हणाली, "आमाला कुनी इचारलं न्हाई." तोवर आमच्या चार मीटिंगा झाल्या होत्या, सगळ्या संध्याकाळी सहा वाजता. सहा वाजता ती पॅकिंगच्या टेबलावर असते.

दुसरं काम माहितीच्या अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा. ठेकेदाराबरोबरच्या कराराची प्रत आणि आमच्या गाडीची एका महिन्याची लॉगशीट, म्हणजे गाडी रोज किती पळाली त्याची नोंद, मागितली. तीस दिवसांत काही आलं नाही, पहिलं अपील केलं, मग आलं. आणि करारात घबाड सापडलं.

आमच्याकडं गाड्या ठेकेदाराच्या आहेत, महापालिका त्याला किलोमीटरमागं पैसे देते. करारात रोज २०० किलोमीटरची हमी. त्यापेक्षा गाडी कमी पळवली तर न पळालेल्या किलोमीटरचे सुद्धा निम्म्या दरानं पैसे द्यायचे. आता हिशोब बघा. जाऊन येऊन २८ किलोमीटर, पाच फेऱ्या म्हणजे १४०. उरलेले ६० किलोमीटर गाडी डेपोत उभी, लॉगशीटवर दिसत होतं, आणि त्याचे निम्मे पैसे ठेकेदाराला चाललेले. आणखी दोन फेऱ्या सोडल्या तर होतात १९६. म्हणजे हमीच्या आतच. त्या दोन फेऱ्यांचा जादा खर्च पूर्ण दरानं नाही, निम्म्या दरानंच पडणार होता!

हे मास्तरांनी पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीनं मांडलं तेव्हा तीनदा तपासलं, आमचाच विश्वास बसेना. इथं आमची मागणी बदलली. अकरा फेऱ्या सोडून दिल्या, सात मागायच्या ठरल्या. अण्णांना हे पटायला वेळ लागला, त्यांचं म्हणणं असं की अकरा मागितल्या तर सात मिळतात, सात मागितल्या तर पाचच राहतात. बाजारातला नियम म्हणून बरोबर आहे. पण करारातला आकडा घेऊन बसल्यावर घासाघीस करायची गरज नव्हती असं मला अजून वाटतं.

पहिला अवघड निर्णय : अडीचची फेरी

नोव्हेंबरात अधिकाऱ्याला कागद दाखवला. त्यानं मान डोलावली, पण म्हणाला, निम्मे पैसे म्हणजे सुद्धा पैसेच, चालू वर्षाच्या तरतुदीत बसत नाहीत, पुढच्या अंदाजपत्रकात मागा. मात्र आहे त्या पाचांत वेळ बदलून हवी असेल तर आत्ता करतो. दुपारची एक फेरी सोडा, ती रात्री पावणेनऊला देतो.

दुपारी दोन गाड्या होत्या, सव्वाबाराची आणि अडीचची. कुठली सोडायची? मीटिंगमध्ये पेन्शनर मंडळी नऊच्या गाडीनं शहरात बँकेत-बाजारात जाऊन सव्वाबाराला परतणारी. त्यांनी सांगितलं सव्वाबाराला हात लावायचा नाही. अधिकाऱ्याच्या शीटवर अडीचची ईपीके सगळ्यात कमी होती. दोन्ही गोष्टी एका दिशेनं बोलत होत्या, पाच मिनिटांत ठराव झाला, अडीचची गेली, पावणेनऊची आली.

पहिल्या रात्री पावणेनऊच्या गाडीत कंडक्टरला तिकीट फाडायला जागा नव्हती, ड्रायव्हरला नारळ दिला, फोटो काढले, सगळं झालं.

दोन आठवड्यांनी एक म्हातारे बाबा घरी आले. सिव्हिलला दर आठवड्याला बायकोला दाखवायला नेतात, ओपीडीतून औषधं घेऊन बाहेर पडेपर्यंत दीड वाजतो. अडीचची गाडी त्यांची होती. आता सहा चाळीसपर्यंत स्टँडवर बाकड्यावर बसतात, आजारी बाईला घेऊन. आणि असे ते एकटे नव्हते. मग अडीचच्या गाडीची ईपीके इतकी कमी का? कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "दादा, त्या गाडीला निम्मी शाळेची पोरं, पासवाली. पास मशीनमधी मारत न्हाई आम्ही रोज, कोन मारतंय. म्हातारी सवलतीत." म्हणजे गाडी रिकामी नव्हती, मशीनला रिकामी दिसत होती. पासाचे पैसे मुख्य कार्यालयात जमा होतात, रूटच्या ओळीत येत नाहीत. अधिकाऱ्याच्या शीटवर आम्ही आधी शंका घेतली होती, पण ती आमच्या सोयीची बोलायला लागल्याबरोबर तिच्यावर विश्वास ठेवला. आम्ही संध्याकाळी एक आठवडा वही घेऊन बसलो आणि दुपारी एक दिवस सुद्धा बसलो नाही.

दुसरा निर्णय : भाडेवाढीला सही

डिसेंबरात उपक्रमानं किमान भाडं वाढवायचा प्रस्ताव केला. असा प्रस्ताव प्रादेशिक परिवहन प्राधिकरणापुढं जातो, जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष. अधिकाऱ्यानं आडून सुचवलं की प्रवासी संघटनेचं पाठिंब्याचं पत्र असलं तर बरं पडेल, आणि तुमच्या दोन फेऱ्यांचंही बघता येईल.

यावर गट जवळजवळ फुटला. एक बाजू म्हणे, दोन रुपये वाढले तरी वडापच्या चाळीसपेक्षा परवडलं, द्या सही. त्या वहीवाल्या पोरीनं मुंबईचं उदाहरण काढलं की जुलै २०१९ मध्ये बेस्टनं किमान भाडं आठवरून पाच रुपयांवर आणलं आणि माणसं परत बसकडं वळली. ते अधिकाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "ताई, त्यांच्या मागं मुंबई महापालिकेची तिजोरी आहे. माझ्या मागं काय आहे ते तुम्ही बघितलंय." (त्याच बेस्टचं किमान भाडं मे २०२५ मध्ये पाचाचं एकदम दहा झालं, तेव्हा मला त्याचं वाक्य आठवलं.)

शेवटी बचत गटाच्या ताई म्हणाल्या की भाडं वाढलं तर झळ शहरातल्या सगळ्या रूटला बसणार, त्यांच्या वतीनं सही करायला आपण कोण? हे पटलं. पाठिंबा दिला नाही. पण प्राधिकरणाला हरकतही नोंदवली नाही, फक्त दिवसाचा पास ठेवा एवढं लेखी दिलं. हे धाडस होतं की पळवाट हे माझं मलाच ठरवता आलेलं नाही. भाडं पुढं वाढलंच, पास मात्र राहिला. आमच्या पत्रामुळं राहिला असं मी म्हणणार नाही.

अंदाजपत्रक

महापालिकेचं अंदाजपत्रक साधारण फेब्रुवारीत मांडलं जातं पण खात्यांच्या मागण्या त्याच्या आधीच दोनतीन महिने जमा होतात. जुलैत दिलेलं आमचं निवेदन म्हणजे लग्न झाल्यावर पत्रिका वाटण्यातला प्रकार. पुण्यात २००६ पासून नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी कामं मागवायची पद्धत आहे, क्षेत्रीय कार्यालयात फॉर्म मिळतो. आमच्या शहरात असा फॉर्म नाही, आणि असता तरी आम्ही हद्दीबाहेरचे.

तो हद्दीचा अडसर कसा काढला? माझ्या मते सगळ्या प्रकरणातली शहाणपणाची चाल हीच, आणि ती मास्तरांची. शहरातल्या कापड दुकानदारांच्या संघटनेला त्यांनी गाठलं. त्यांच्या दुकानातल्या पोरी आमच्या गावच्या, पावणेनऊची गाडी येईपर्यंत त्यांना साडेआठऐवजी साडेसहाला निघावं लागलं होतं, ऐन गिऱ्हाइकाच्या वेळेला काउंटर रिकामे. मागणीचं पत्र त्यांच्या लेटरहेडवर गेलं, आमचा करारातला हिशोब सोबत जोडून. आता मागणारा महापालिकेचा करदाता होता.

फेब्रुवारी २०२४ च्या अंदाजपत्रकात ओळ आली : हद्दीबाहेरील मार्गांच्या संचलन तुटीपोटी. रक्कम टोकन. म्हणजे हेड उघडलं, त्यात पैसे नाममात्र. देवळात काही जण चिडले की ही चेष्टा आहे. अधिकाऱ्यानं समजावलं, हेड उघडणं हीच अवघड गोष्ट, पैसे नंतर वर्गीकरणानं दुसऱ्या हेडातून आणता येतात. तेवढ्यात १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली आणि सगळं जूनपर्यंत थंड.

मधल्या काळात ग्रामपंचायतीनं तिच्या हातातलं एक काम केलं. ड्रायव्हरांची जुनी तक्रार होती की गावात गाडी वळवायला जागा नाही, रात्री तीनदा पुढं-मागं करावं लागतं आणि मागं गटार. शाळेसमोरची जागा मुरूम टाकून सपाट केली, एक दिवा बसवला. ग्रामसभेच्या ठरावात हे बिनबोभाट बसलं, ऑडिटलाही अडचण नाही.

निकाल

जुलै २०२४ मध्ये वर्गीकरण झालं आणि फेऱ्या सात झाल्या. अडीचची परत आली, पावणेनऊची राहिली, आणि सकाळी पावणेआठची एक जादा. शेवटच्या गाडीला गर्दी असते. नर्सिंगच्या दोघींपैकी एकीनं मधल्या वर्षात शहरात खोली घेतली होती ती परत आली नाही, दुसरी टिकली.

पण गाडी एकच. ब्रेकडाऊन झालं की बदली गाडी येत नाही. एकदा ठेकेदारानं पगार थकवले म्हणून ड्रायव्हर तीन दिवस बसले तेव्हा सात फेऱ्यांच्या शून्य झाल्या, आणि आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लोक आम्हालाच शिव्या घालत होते, जणू गाडी आमच्या घरची. पुढच्या वर्षीही हेड राहिलं, पण रक्कम वर्गीकरणानंच आणावी लागली. दर वर्षी तोच खेळ.

परत करायचं झालं तर

मीटिंगची वेळ आणि जागा बदलेन. देवळात सहाला घ्यायच्या ऐवजी एमआयडीसी गेटवर आठ वाजता, वडापची वाट बघत उभं राहून. करार आधी मागवेन, निवेदन नंतर. आम्ही चार महिने भावना मांडण्यात घालवले आणि कामाचा कागद शेवटी मागितला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे असले करार न मागता जाहीर करायचे असतात, ते करत नाहीत तो भाग वेगळा, पण मागितल्यावर द्यावे लागतात.

दुपारची फेरी द्यायच्या आधी पाच दिवस दुपारी मोजेन. हा सल मला जास्त आहे. जवळजवळ आठ महिने ते बाबा बाकड्यावर बसले, आणि तेवढ्या काळात आम्ही सत्कार स्वीकारत होतो.

आणि भाडेवाढीवर स्पष्ट भूमिका घेईन, हो किंवा नाही. कुठली, ते अजून गटात ठरलेलं नाही, विषय निघाला की ताई आणि अण्णा परत भांडतात.

सध्याचं सांगायचं तर जानेवारी २०२६ मध्ये महापालिकांच्या निवडणुका झाल्या, इतक्या वर्षांनी परत नगरसेवक आले. प्रचारात एमआयडीसी गेटच्या स्टॉपवर दोन फ्लेक्स लागले होते, दोघांचाही दावा की रात्रीची बस आम्ही आणली. त्यातला एक बरोबर वेळापत्रकाच्या बोर्डावरच बांधला होता, तो पॅकिंगच्या बायकांनी सोडवून स्टॉपच्या गळक्या छपरावर टाकला. अकराच्या शिफ्टला अजून गाडी नाही. वही परत काढलीय, या वेळी पहिल्या पानावर त्या "आमाला कुनी इचारलं न्हाई" म्हणणाऱ्या मावशींचं अक्षर आहे. वेळ अकरा दहा, बायका नऊ, पुरुष सहा, जीप नाही.